सोव्हिएत हेवीवेट मुष्टियोद्ध्याची कारकीर्द कागदावर कशी मांडावी

ऑलिंपिकच्या पदकतक्त्यात इगोर व्हिसोत्स्की हे नाव शोधून सापडत नाही. पण १९७२, १९७६ आणि १९८० अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकणाऱ्या क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनला याच माणसानं दोनदा हरवलं होतं. पहिल्यांदा १९७३ मध्ये खुद्द क्यूबात, गिराल्दो कॉर्दोवा कार्दिन स्पर्धेत, गुणांवर. दुसऱ्यांदा १९७६ मध्ये मिन्स्कला, तिसऱ्या फेरीत, लढत वेळेआधी संपवून. पदकं मोजून कारकीर्द लिहायला बसलं की असा मुष्टियोद्धा हातातून निसटतो. सोव्हिएत हेवीवेटांच्या बाबतीत हे फार वेळा होतं, कारण त्यांच्या आयुष्यातल्या अवघड लढती पुष्कळदा देशाच्या आतच झाल्या आणि त्यांचं पदक जगानं पाहिलंच नाही.

एखादा लेख, स्पर्धेसाठी टिपण, विश्वकोशातली नोंद किंवा तालमीतल्या मुलांसाठी माहितीपत्रक तयार करायचं असेल, तर पुढची पद्धत वापरा. उदाहरण म्हणून व्हिसोत्स्कीच घेऊ. बाकीचे लागतील तसे येतील.

आधी वही आखा

एका लढतीला एक ओळ. ओळीत दहा रकाने: तारीख, शहर, स्पर्धा, स्पर्धेतली पायरी, प्रतिस्पर्धी आणि त्याचा देश, वजनगट, निकालाचा प्रकार, फेरी किंवा पंचांचा कौल, त्या दिवशीचं दोघांचं वय, आणि ही माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ पेन्सिलीनं लिहा. संगणकावर काम करत असाल तर करड्या रंगात ठेवा. तारखेबद्दल एक पथ्य पाळा: नुसता महिना कळला असेल तर नुसता महिनाच लिहायचा. अंदाजानं लिहिलेली १ तारीख पुढं खरी तारीख म्हणून दहा ठिकाणी उतरवली जाते.

बहुतेक जण यानंतर जिंकलेल्या आणि हरलेल्या लढती भरत सुटतात. त्याआधी आणखी एका प्रकारच्या ओळी भरा आणि त्यांना वेगळी खूण करा. या ‘न गेल्याच्या’ ओळी. त्या वर्षांत झालेली प्रत्येक मोठी स्पर्धा लिहायची आणि आपला माणूस तिथं नव्हता तर त्याच्या जागी कोण गेला ते पुढं मांडायचं. व्हिसोत्स्कीच्या वहीत अशी ओळ दिसेल: १९७६, माँट्रियल, ऑलिंपिक, न गेला, जागेवर व्हिक्टर इवानोव्ह. त्याखाली: १९८०, मॉस्को, ऑलिंपिक, न गेला, जागेवर प्योत्र झायेव्ह. मिन्स्कच्या विजयाची ओळ आणि माँट्रियलची न गेल्याची ओळ एकाच वर्षात, एकाखाली एक आली की त्या कारकिर्दीचा आकार पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो. नुसत्या जय-पराजयाच्या यादीत तो कधीच दिसत नाही.

कारण साधं आहे. ऑलिंपिकमध्ये एका वजनगटात एका देशाचा एकच मुष्टियोद्धा. सोव्हिएत संघात पंधरा प्रजासत्ताकं होती आणि हेवीवेटमध्ये एकाच वेळी दोन-तीन जण तरी युरोपचं विजेतेपद आणण्याच्या ताकदीचे असत. १९७०च्या दशकातले युरोपचे हेवीवेट विजेते पाहा: १९७१ मध्ये माद्रिदला व्लादिमिर चेर्निशोव्ह, १९७३ मध्ये बेलग्रेडला व्हिक्टर उल्यानिच, १९७७ मध्ये हालेला आणि १९७९ मध्ये कोलोनला येव्गेनी गोर्स्तकोव्ह. मधल्या १९७५च्या कातोवित्सेमध्ये पोलंडचा आंद्रझेय बिएगाल्स्की जिंकला, तेवढा अपवाद. चार विजेतेपदं, तीन माणसं, आणि त्यांत व्हिसोत्स्की नाही. तो कुणाशी स्पर्धा करत होता हे यावरून कळतं.

नाव: इथंच निम्मी कामं फसतात

मराठी वाचकाला इथं एक फायदा आहे. रशियन पद्धतीतही स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असतं. इगोर याकोव्हलेविच व्हिसोत्स्की म्हणजे याकोव्हचा मुलगा इगोर. वडील याकोव्ह स्वतः मुष्टियुद्धातले, मुलाला घडवणारे. त्यामुळं मधलं नाव शोभेचं समजून गाळू नका. इवानोव्ह, अब्रामोव्ह, याकोव्हलेव्ह ही आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतकी पसरलेली आडनावं आहेत आणि दोन माणसं वेगळी करायला मधलं नावच उपयोगी पडतं.

व्हिसोत्स्कीच्या बाबतीत वेगळीच अडचण आहे. त्याच काळात व्लादिमिर व्हिसोत्स्की हा कवी-गायक-नट सोव्हिएत संघात घराघरांत पोचलेला होता. नुसतं आडनाव टाकून शोधलं तर शेकड्यानं निकाल त्याचेच येतात. आडनावाला नेहमी ‘बॉक्स’ हा शब्द किंवा ‘मगदान’ जोडून शोधा. आपला व्हिसोत्स्की १९५३ मध्ये अतिपूर्वेकडच्या मगदान प्रांतातल्या यागोद्नोये या वस्तीत जन्मला.

रशियन कागद वाचता येत नाही म्हणून सोडून देऊ नका. मुष्टियुद्धाचा कार्यक्रमपत्रक वाचायला दहा-बारा अक्षरं पुरतात. व्हिसोत्स्की हे आडनाव रशियनमध्ये आठ अक्षरांचं आहे. पहिलं अक्षर इंग्रजी ‘बी’सारखं दिसतं, पण ते ‘व’. दुसरं म्हणजे बुटक्या ‘बी’शेजारी उभी काठी, हा जीभ मागं ओढून काढलेला ‘इ’. तिसरं ‘सी’सारखं, ते ‘स’. चौथा ‘ओ’. पाचवं अक्षर चौकोनी ‘यू’ला उजवीकडं खाली छोटं शेपूट असं, ते ‘त्स’. सहावा ‘क’. सातवं उलट्या ‘एन’सारखं, तो ‘इ’. आठवं तेच, पण डोक्यावर वाटीसारखी खूण घेऊन, तो ‘य’. झायेव्ह तर चारच अक्षरांचा: इंग्रजी आकडा तीन, मग ‘ए’, ‘ई’ आणि ‘बी’सारखी दिसणारी अक्षरं. छातीवर दिसणारं ‘सीसीसीपी’ म्हणजे ‘एस एस एस आर’, हे यावरून आपोआप उलगडतं.

दुसऱ्या भाषांतल्या बातम्या शोधताना प्रत्येक भाषेचं वळण लक्षात ठेवा. पोलिश कागदात तोच माणूस ‘वायसॉकी’ वाचावं अशा स्पेलिंगनं येतो, जर्मनमध्ये ‘डब्ल्यू’नं सुरू होतो, स्पॅनिशमध्ये ‘व्ही आय एस’नं. लिथुआनियन मुष्टियोद्ध्यांची नावं रशियन कागदातून इंग्रजीत आली की बदलतात. योनास चेपुलिसचा ‘इओनास’ होतो, अल्गिर्दास शोत्सिकासच्या पहिल्या अक्षरावरची खूण उडते आणि तो ‘सोसिकास’ बनतो.

आणि लिहिताना ‘रशियन मुष्टियोद्धा’ म्हणू नका, ‘सोव्हिएत’ म्हणा. शोत्सिकास आणि चेपुलिस लिथुआनियाचे, अलेक्सांद्र यागुब्किन युक्रेनमधल्या दोनेत्स्कचा. त्यांच्या गावच्या लोकांना हा फरक बारीकसारीक वाटत नाही.

वजनगट: शब्द तोच, आकडा वेगळा

१९५२ ते १९८० या ऑलिंपिकमध्ये हेवीवेट म्हणजे ८१ किलोच्या वर, वरची मर्यादा नाही. त्याआधी ही रेषा ८० किलोवर होती. ८१च्या वर सगळे एकाच गटात असल्यामुळं ८५ किलोचा माणूस १०० किलोच्या माणसासमोर उभा राहायचा. स्टीव्हन्सन साडेसहा फुटांच्या जवळपास उंच. व्हिसोत्स्की त्याच्यापेक्षा बराच बुटका, झायेव्ह त्याहूनही. सोव्हिएत हेवीवेटांच्या पवित्र्यात दिसणारं वाकणं, आत शिरणं, डाव्या हुकवरचा, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेल्या ठोशावरचा भर, हे सगळं या नियमातून आलेलं आहे. लांब हाताच्या माणसापासून दूर राहिलं तर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, खात राहावं लागतं. आत शिरलं तर उजव्या हाताचा सरळ ठोसा बसायची भीती, पण स्वतःचे आखूड ठोसे तिथंच पोचतात.

१९८०च्या मॉस्को ऑलिंपिकनंतर गट दुभंगला. ८१ ते ९१ किलो हेवीवेट आणि त्याच्या वर सुपर हेवीवेट. १९८१च्या टाम्पेरेच्या युरोपियन स्पर्धेत हे दोन गट वेगवेगळे दिसतात: हेवीवेट जिंकला यागुब्किन, सुपर हेवीवेट इटलीचा फ्रान्चेस्को दामियानी. म्हणून १९७९चा हेवीवेट विजेता गोर्स्तकोव्ह आणि १९८१चा हेवीवेट विजेता यागुब्किन यांना एकाच रांगेत बसवून तुलना केली तर चूक होते. वहीत ‘हेवीवेट’ असा शब्द लिहूच नका. ‘८१च्या वर’, ‘८१–९१’, ‘९१च्या वर’ असे आकडे लिहा.

वर्षाचं पंचांग

एका सोव्हिएत हेवीवेटचं वर्ष कसं असायचं हे ठरलेलं होतं, आणि ते एकदा समजलं की तारखांमधल्या चुका आपोआप उघड्या पडतात. युरोपियन स्पर्धा विषम वर्षी. जागतिक स्पर्धा १९७४ला हवानात सुरू झाली, पुढं १९७८ बेलग्रेड, १९८२ म्युनिक, १९८६ रीनो, १९८९ मॉस्को. कुणी ‘१९७६चा युरोपविजेता’ लिहिलं असेल तर तिथंच लाल खूण करा.

देशांतर्गत स्पर्धा दरवर्षी. त्याखेरीज लोकांची स्पार्ताकियाद हा देशभरातल्या अनेक खेळांचा मोठा सोहळा, १९५६, १९५९, १९६३ आणि त्यानंतर चार-चार वर्षांनी १९८३पर्यंत. स्पार्ताकियादच्या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद कित्येकदा त्यातच धरलं जायचं. त्यामुळं एकच विजेतेपद दोन नावांनी दोनदा मोजलं जाण्याचा धोका असतो. शहर आणि महिना जुळतो का बघा. जुळला तर ती एकच स्पर्धा.

क्रीडासंस्थांची स्वतंत्र अजिंक्यपदं हा आणखी एक सापळा. दिनामो, सैन्याचे क्लब, स्पार्ताक, विद्यार्थ्यांची बुरेव्हेस्तनिक, तंत्रशाळांची त्रुदोविये रेझेर्वी, रेल्वेची लोकोमोतिव्ह, सगळ्यांच्या आपापल्या स्पर्धा होत्या. जुन्या बातमीत ‘विजेता’ एवढंच असेल तर कशाचा विजेता, ते शोधल्याशिवाय ओळ शाईनं लिहू नका. ‘एम एस’, ‘एम एस एम के’, ‘झेड एम एस’ ही अक्षरं नावापुढं दिसली तर त्या पदव्या आहेत: क्रीडानिपुण, आंतरराष्ट्रीय दर्जाचा क्रीडानिपुण, सन्माननीय क्रीडानिपुण. पदवी म्हणजे विजेतेपद नव्हे.

राष्ट्रीय विजेता झाला म्हणजे परदेशातल्या स्पर्धेचं तिकीट हमखास, असंही नव्हतं. सरावशिबिर, अलीकडचे निकाल, दुखापत आणि प्रशिक्षकांचं मत हे सगळं धरून निवड व्हायची. व्हिसोत्स्कीच्या नावावर राष्ट्रीय विजेतेपद आहे १९७८चं. स्टीव्हन्सनवरचे त्याचे दोन्ही विजय त्याआधीचे. म्हणजे विजेतेपदाच्या आधीही तो राष्ट्रीय संघातून परदेशी खेळत होता. या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवल्या तरच हे कोडं सुटतं.

१९६९ पासून अमेरिकेशी संघ विरुद्ध संघ अशा लढती सुरू झाल्या. त्यांची पदकं नसतात, म्हणून पदकतक्त्यावर बेतलेल्या चरित्रांत त्या सापडत नाहीत. पण पुढं व्यावसायिक झालेले कित्येक अमेरिकन हेवीवेट सोव्हिएत मुष्टियोद्ध्यांना भेटले ते इथंच. या लढती अवश्य शोधा. त्यांच्यापुढं ‘संघ-लढत’ असं लिहा, स्पर्धेतल्या लढतींत त्या मिसळू नका.

१९८४साठी वेगळं पान ठेवा. लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर सोव्हिएत संघानं बहिष्कार घातला आणि त्याऐवजी मैत्री स्पर्धांमधलं मुष्टियुद्ध हवानात झालं. १९८२चा जागतिक विजेता यागुब्किन त्या ऑलिंपिकला नव्हता, यात त्याच्या गुणवत्तेचा काहीच संबंध नाही. न गेल्याच्या ओळीत कारण लिहायचा रकाना यासाठीच लागतो: निवड नाही, दुखापत, बहिष्कार, देशच स्पर्धेत नाही. शेवटचं कारण जुन्या पिढीला लागू पडतं. निकोलाय कोरोल्योव नऊ वेळा राष्ट्रीय विजेता, पहिलं विजेतेपद १९३६चं, शेवटचं १९५३चं. सोव्हिएत संघ ऑलिंपिकला पहिल्यांदा गेला १९५२ मध्ये, हेलसिंकीला. कोरोल्योवच्या उमेदीची वर्षं त्याआधीच सरली होती, आणि मधली वर्षं युद्धात गेली. तो गनिमी तुकडीत लढत होता. त्याची ऑलिंपिकची पाटी कोरी आहे म्हणून त्याला खालच्या पायरीवर बसवणं हा अन्यायच.

निकाल वाचायची रीत

मराठीत आधी एक गोंधळ मिटवा. ‘पंच’ म्हणजे निर्णय देणारा आणि ‘पंच’ म्हणजे ठोसा, दोन्ही अर्थ एकाच वाक्यात येऊ शकतात. वहीत ठोशाला ठोसाच म्हणा.

आता कौल. झायेव्ह १९८०च्या अंतिम लढतीत स्टीव्हन्सनकडून ४–१ हरला. हे ४–१ म्हणजे चार गुण विरुद्ध एक गुण नव्हे. पाच पंचांपैकी चौघांनी एकाला आणि एकानं दुसऱ्याला विजयी ठरवलं. प्रत्येक पंच फेरीगणिक वरचढ असणाऱ्याला २० आणि दुसऱ्याला १९ किंवा कमी गुण द्यायचा. त्यामुळं ५–०ची लढतही प्रत्यक्षात अटीतटीची असू शकते, पाचही जणांना एकाच गुणाचा फरक दिसला एवढंच. उलट ३–२ला तीन गुणांचा फरक आणि दोन गुणांचा फरक असं काही समजू नका. १९९२ ते २०१२ या ऑलिंपिकमध्ये यंत्रावर बटण दाबून मोजणी होती आणि त्या काळातले आकडे खरोखर गुणांचे आहेत. त्यानंतरचे पुन्हा पंचांच्या कौलाचे. पंचांच्या कौलाचा ४–१ आणि यंत्राच्या काळातला ४–१ शेजारी ठेवून तुलना करणं निरर्थक.

वेळेआधी संपलेल्या लढतींचे तीन-चार प्रकार वेगळे ओळखा. दहापर्यंत मोजणी पूर्ण झाली तर नॉकआउट. रेफरीनं थांबवली तर ‘रेफरीनं थांबवली’. कोपऱ्यातून टॉवेल आला तर निवृत्ती. १९७६च्या अंतिम लढतीत रुमानियाचा मिर्चा सिमोन स्टीव्हन्सनसमोर तिसऱ्या फेरीत असाच बाहेर पडला. हौशी मुष्टियुद्धात रेफरी लवकर थांबवतो. एका फेरीत तीनदा मोजणी झाली तर लढत तिथंच संपते, आणि माणूस पायांवर उभा असतानाही मोजणी होऊ शकते. बातमीत ‘तीन नॉकडाउन’ असलं तरी तो तीनदा जमिनीवर पडला असं गृहीत धरू नका.

‘रेफरीनं थांबवली’ या एका शब्दाखाली सगळ्यात मोठी गोष्ट लपते ती भुवईची जखम. व्हिसोत्स्कीच्या भुवया लवकर फुटायच्या आणि त्यानं त्याच्या कारकिर्दीला खोल चरे पाडले. जिंकत असताना भुवई फुटून थांबवलेली लढत आणि ठोसे खाऊन थांबवलेली लढत कागदावर एकसारखीच दिसते. म्हणून पराभवाच्या प्रत्येक ओळीत जखम होती का याचा शोध घ्या. बातमीत रक्त, डॉक्टर, भुवई यातला एखादा शब्द सापडतोच. आत शिरून लढणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण जवळच्या अंतरात डोक्याला डोकं आपटतं.

लढत झालीच नाही तर ‘पुढे चाल’. १९७२च्या म्युनिकची हेवीवेट अंतिम लढत झालीच नव्हती. रुमानियाच्या इओन अलेक्सेचा हात दुखावला होता आणि स्टीव्हन्सनला पुढे चाल मिळून सुवर्ण मिळालं. ही ओळ लिहायची, पण विजयांच्या बेरजेत धरायची नाही. कुठल्याही मुष्टियोद्ध्याच्या एकूण लढतींचा आकडा दोन ठिकाणी दोन दिसला तर पहिल्यांदा पुढे चाल, संघ-लढती आणि कुमार गटातल्या लढती धरल्या आहेत का तपासा. बहुतेक तफावत तिथंच निघते.

आता व्हिसोत्स्कीची मिन्स्कची ओळ: १९७६, मिन्स्क, आंतरराष्ट्रीय स्पर्धा, स्टीव्हन्सन (क्यूबा), ८१च्या वर, विजय, वेळेआधी, ३री फेरी. ‘नॉकआउट’ लिहिलेलं नाही. मोजणी दहापर्यंत गेलेली स्वतः पाहिल्याशिवाय तो शब्द वापरायचा नाही, ‘वेळेआधी’ एवढंच पुरेसं आणि बिनचूक.

लढतींमधल्या मोकळ्या जागा

नॉकआउटनंतर हौशी मुष्टियोद्ध्याला किमान चार आठवडे सक्तीची विश्रांती असते. तीन महिन्यांत दोनदा झाला तर तीन महिने, वर्षात तीनदा झाला तर वर्षभर. वहीत एखाद्या पराभवानंतर महिन्याची पोकळी दिसली तर ती संशयास्पद नाही, नियमच आहे. चार आठवड्यांच्या आत दुसरी लढत नोंदलेली असेल, तर दोहोंपैकी एक तारीख किंवा निकालाचा प्रकार चुकला आहे. ही तपासणी पाच मिनिटांची आणि फार उपयोगाची.

चित्रफीत पाहताना

सुरुवातीला घड्याळ लावा. फेरी तीन मिनिटांची, म्हणजे १८० सेकंद. सेकंदाला २४ चित्रांवर घेतलेली फिल्म दूरदर्शनसाठी २५वर चालवली असेल तर तीच फेरी १७३ सेकंदांत संपते आणि सगळ्यांचे हात किंचित जास्त वेगवान वाटतात. १५०-१६० सेकंदच भरत असतील तर मधला भाग कापलेला आहे, आणि अशा फितीवरून गुण देऊ नका.

मग चित्र उलटं तर नाही ना, ते पाहा. आंतरजालावर आरशासारखी उलटवलेली फीत पुष्कळदा मिळते. त्यात उजव्या हाताचा मुष्टियोद्धा डावखुरा दिसतो आणि सगळं विश्लेषण उलटं होतं. बनियनवरची अक्षरं किंवा रिंगमागचा फलक वाचून खात्री करा.

त्यानंतर तीन वेळा पाहा. पहिल्यांदा आवाज बंद करून, काहीही न लिहिता. दुसऱ्यांदा फक्त एकाचे ठोसे मोजा, तिसऱ्यांदा फक्त दुसऱ्याचे. दोघांचे एकदम मोजायला गेलं की डोळा पुढं येणाऱ्याकडं ओढला जातो. गुण फक्त मिटलेल्या मुठीच्या पुढच्या भागानं, डोक्याच्या समोर किंवा बाजूला, अथवा पट्ट्याच्या वर धडावर बसलेल्या ठोशाला. कोपरावर, खांद्यावर, ग्लोव्हवर बसलेला ठोसा कितीही जोरात वाजला तरी मोजायचा नाही.

आणि हा नियम मनात घट्ट बसवा: हौशी लढतीत प्रतिस्पर्धी खाली पडला म्हणून जादा गुण मिळत नाही. तो एक बसलेला ठोसा, बस्स. व्यावसायिक लढती पाहून तयार झालेल्या प्रेक्षकाला इथं अन्याय झाल्यासारखा वाटतो. सोव्हिएत हेवीवेटचा आखूड हुक प्रेक्षकांना दिसायच्या आतच आपटलेला असतो, आणि उंच प्रतिस्पर्ध्याचा लांब जॅब शेवटच्या खुर्चीवरूनही दिसतो. म्हणून मोजणीच्या वेळी फीत निम्म्या वेगानं चालवा, पण फेरी कुणाची हे ठरवायला पुन्हा पूर्ण वेगानं बघा. संथ फितीत प्रत्येक स्पर्श ठोशासारखा वाटतो.

वयाचा रकाना कशासाठी

१९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकची अंतिम लढत घ्या. जॉर्ज फोरमननं चेपुलिसला दुसऱ्या फेरीत थांबवलं. फोरमन १९ वर्षांचा, चेपुलिस २९चा. त्याआधी १९६४च्या टोकियोत जो फ्रेझरनं उपांत्य लढतीत वादिम येमेल्यानोव्हला दुसऱ्या फेरीत थांबवलं, आणि येमेल्यानोव्हला कांस्य मिळालं. १९५६च्या मेलबर्नला अंतिम लढतीत पीट रॅडमाकरसमोर लेव्ह मुखिन पहिल्या फेरीत संपला. फ्रेझर आणि फोरमन सुवर्णानंतर लवकरच व्यावसायिक झाले. सोव्हिएत संघात व्यावसायिक मुष्टियुद्धच नव्हतं, त्यामुळं तिथला हेवीवेट वयाच्या तिशीपर्यंत हौशीच राहायचा आणि दर चार वर्षांनी नवा, कोवळा, भुकेलेला अमेरिकन त्याच्यासमोर यायचा. अनुभव सोव्हिएत बाजूला, ताजेपणा समोरच्या बाजूला. वयाचा रकाना भरला की हे एका नजरेत दिसतं. तो नसेल तर ‘अमेरिकन वरचढ होते’ असा घाईचा निष्कर्ष निघतो.

स्टीव्हन्सनही व्यावसायिक झाला नाही. म्हणूनच त्याच्या विरुद्धचे निकाल सोव्हिएत हेवीवेटांना मोजायला सगळ्यात चांगली पट्टी आहेत: दोन्ही बाजू हौशी, दोन्ही बाजू अनुभवी, तेच नियम. झायेव्हनं त्याला मॉस्कोत तिन्ही फेऱ्या उभं ठेवलं आणि एका पंचाचं मत आपल्याकडं वळवलं. झायेव्हच्या वहीत हे रौप्य जाड अक्षरांत लिहा.

शेवटची ओळ कुठे ओढायची

रिंगमधली शेवटची लढत ही कारकिर्दीची शेवटची ओळ धरायची पद्धत आहे, पण सोव्हिएत व्यवस्थेत ती अपुरी पडते. निवृत्त हेवीवेट बहुधा त्याच संस्थेत प्रशिक्षक व्हायचा. शोत्सिकासचं उदाहरण घ्या. १९५३ला वॉर्सात आणि १९५५ला पश्चिम बर्लिनला युरोपविजेता, देशात कोरोल्योवनंतरच्या काळावर त्याची छाप. पुढं तो लिथुआनियात प्रशिक्षक झाला. त्याच्या वहीत प्रशिक्षणासाठी वेगळं पान काढा, शिष्यांची नावं लिहा आणि त्यांच्या मोठ्या लढती जोडा. त्या पानावर दानास पोझ्नियाकासचं १९६८चं लाइट हेवीवेट ऑलिंपिक सुवर्ण येईल. निकालाच्या रकान्यात मात्र ‘पुढे चाल’ लिहावं लागेल, कारण रुमानियाचा इओन मोन्या दुखापतीमुळं त्या अंतिम लढतीला उतरलाच नाही.